हॅलोवीनचा केशरी हलवा

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आज आलेलं सामान —
साखर दहा पौंड, ८.२९. पांढरे तीळ एक पौंड, ४.४९. खायचा केशरी रंग, बाटली एक, २.९९. लिंबं तीन, १.५०. मेणकागदाच्या लहान पिशव्या, शंभराचं पाकीट, ६.७५.
एकूण २४ डॉलर २ सेंट. टॅक्स वेगळा.

रुचाने गेल्या वर्षी नुसत्या चॉकलेटांवर साठ डॉलरच्या वर घातले होते. सून आहे म्हणून मी तिला काही बोलले नाही, पण हिशेबात लिहून ठेवलं होतं. यंदा म्हटलं, मी करते. पोरं दारात येतात, आपण हातावर गोड ठेवायचं. संक्रांतीला मिरजेत दुसरं काय करत होतो? फरक इतकाच की इथली पोरं भुतांचे कपडे घालून येतात.

परीक्षित हसला. "आई, ऑक्टोबरात हलवा?"
मी म्हटलं, तुमच्या या ट्रॉय गावचा ऑक्टोबर आमच्या पौषापेक्षा गार आहे. काटा झकास येईल.
"कर बाई. पण बोटं भाजून घेऊ नकोस."
लेकाने एवढी तरी काळजी केली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काटा येत नाही. या विजेच्या शेगडीची आच काही कळत नाही. एक तर थंडगार, नाहीतर एकदम लाल. शेवटी खाली तवा ठेवला, वर परात. तीळ कोमट झाले की चमचाभर पाक, मग बोटांनी हळू हळू फिरवत राहायचं. सुकले की पुन्हा चमचाभर. दुपारपर्यंत नुसते गुळगुळीत राहिले. दोन बोटांना फोड.

समोरची हेझल आमच्या स्वानंदीबरोबर खेळायला आली होती. दोघी एकाच वर्गात, दुसरीत. हेझलचे पुढचे दोन दात पडलेत. मला स्वानंदीसारखंच "आजी" म्हणते, तेही "आझी". तिला शेंगदाणा चालत नाही. घसाच आवळतो म्हणे. तिची आई क्रिस्टन इंजेक्शन पर्समध्ये घेऊनच फिरते. आमच्याकडे पोरगी यायची असली की रुचा आधी ओटा पुसून काढते, मी दाण्याच्या कुटाचा डबा वरच्या फळीवर ठेवते. आजही ठेवला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आला काटा! सकाळी जप करताना डोक्यात परातच होती, देव माफ करो. पाक जरा पातळ केला, लिंबाचे दोन थेंब जास्त घातले, आणि खिडकी उघडून बसले. गारठ्याने हाडं दुखली पण दाणा न् दाणा कसा फुलला.

रंग शेवटच्या दोन पाकांत घातला. झेंडूसारखा दिसतोय. देवापुढे वाटी ठेवली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

रुचा पिशव्या भरायला बसली आणि घुटमळत म्हणाली, "आई, रागावू नका. इथे घरी केलेलं कोणी घेत नाही. आईबाप फेकून देतात. पॅकबंद, कंपनीचं छापलेलं असलं तरच खाऊ देतात."
"का? विष घालते की काय मी?"
"तसं नाही हो. पद्धतच आहे इथली."
"मग आधी का नाही सांगितलंस?"
"तुम्ही इतक्या उत्साहात होतात."

उगीच बोलले तिला. चार दिवस वाया. चॉकलेटची मोठी पिशवी तिने आधीच आणून गाडीत लपवली होती, २४.९९. म्हणजे खर्च दुप्पटच झाला. मी म्हटलं, दोन्ही ठेवू. ज्याला जे हवं ते घेईल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्र बरीच झाली. तरी लिहिते.

चारनंतर पोरं यायला लागली. सगळी चॉकलेटावर. एका बाईने तर पोराच्या हातातली माझी पिशवी काढून हसत परत ठेवली, "सो प्रिटी, बट नो." दोन पिशव्या कोपऱ्यावर गवतात पडलेल्या पाहिल्या. स्वानंदी म्हणाली, "आजी, इट्स ओके, आय विल ईट देम ऑल." मला रडू आलं होतं, आवरलं.

अंधार पडता पडता हेझल आली. मधमाशी झाली होती, पाठीला पंख. तिने चॉकलेटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आझीज कँडी!" म्हणत सरळ हलव्याच्या वाडग्यापाशी. क्रिस्टनने मला विचारलं, "एनी नट्स?"
मी म्हटलं, "नो नट्स. नो पीनट. ओन्ली शुगर."
ती म्हणाली, "यू शुअर?"
मी म्हटलं, "ओन्ली शुगर. आय मेक."
पोरीने मूठभर तोंडात टाकला. कडाकडा खाल्ला. क्रिस्टन म्हणाली, इतकं सुंदर तिने कधी पाहिलं नाही. मी इतकी हरखले की मागे पळत गेले, काचेची बरणी भरून आणली आणि तिच्या हातात दिली. बाकी कोणाला नकोच होता.

आम्ही जेवायला बसलो आणि रस्त्यावर लाल-निळे दिवे. समोरच. स्ट्रेचरवरून एक पंख लोंबत होता.

परीक्षित धावत गेला. परत येऊन म्हणाला, "ॲलर्जीचा ॲटॅक आहे. इंजेक्शन दिलं तरी श्वास घेता येत नव्हता. बहुतेक कुठल्यातरी चॉकलेटात पीनट होतं."
मी विचारलं, "माझ्या हलव्याने तर नाही?"
"तुझ्या हलव्यात पीनट आहे का?"
"नाही."
"मग झालं तर. जेव."
ताट तसंच उचललं.

१ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी

पाणीसुद्धा घेतलं नाही. हेझलसाठी माळेवर माळ. समोर गाडी नाही, दिवा नाही.

दुपारी भजनाच्या शैलजाताईंचा फोन आला, तुळशीच्या लग्नाचं सांगायला. मी त्यांना झालेलं सांगितलं. त्यांनी इथे अठरा वर्षं पाळणाघर चालवलं. त्या सहज म्हणाल्या, "अगं, हल्ली किती प्रकार निघालेत. दूध, अंडं, गहू, तीळ. आमच्याकडे एका मुलाला तीळ चालायचे नाहीत म्हणून मी संक्रांतीच बंद केल्या होत्या."

तीळ.

पुढे त्या काय बोलल्या ते ऐकलं नाही. फोन ठेवल्याचंही आठवत नाही.

ओन्ली शुगर म्हणाले मी. खोटं नव्हतं माझ्या मनात. हलवा म्हणजे साखरच ना! तीळ आत असतो, त्याच्यावरच तर पाक चढतो. पण हलव्यात काय आहे असं विचारलं तर तीळ कोण सांगतं? आतली बी ती. चार दिवस माझ्याच बोटांनी मी एकेका तिळावर साखर चढवली, दिसेनासा होईपर्यंत. वरून कोणालाही कळू नये असा गुंडाळला. आणि त्या पोरीच्या हातावर ठेवला.

रुचाला सांगितलं. तिने फोनवर शोधलं. पुन्हा पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आई, शेंगदाणा ज्यांना चालत नाही, त्यांच्यातल्या पुष्कळांना तीळही चालत नाहीत म्हणे. हेझलला माहीत नसेल. त्यांच्या घरात कुठे येतात तीळ."
"मग आत्ताच फोन कर क्रिस्टनला."
"परीक्षितला विचारूया आधी."

परीक्षित मागच्या अंगणात पानं गोळा करत होता. ऐकून त्याने दाताळं खाली टाकलं.
"कोणी काही बोलायचं नाही. रुचा, तू पण नाही."
"अरे, पण पोरगी —"
"पोरगी हॉस्पिटलमध्ये आहे, डॉक्टर बघतायत. तुला माहीत आहे का हलव्यानेच झालं? नाही ना? मग उगीच अंगावर कशाला ओढून घ्यायचं? इथे लोक केस करतात, आई. माझं ग्रीन कार्ड अडकलंय, ऑफिसात माणसं काढतायत. एका वाक्याने घर उठेल."
"आणि त्यांचं?"
तो पुन्हा पानं ओढायला लागला. जिथली ओढून झाली होती तिथलीच.

आजपासून साखर सोडली. पोरगी घरी आली तरी घेणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे गेली. आधीच रात्र सरत नव्हती, तिला हा आणखी एक तास.

तुळशीच्या लग्नाला गेले नाही. कोणत्या तोंडाने अक्षता टाकू?

उरलेला हलवा कचऱ्यात टाकवेना, ठेववेना. शेवटी गरम पाण्यात घातला. साखर विरघळली, केशरी पाणी वाहून गेलं. खाली गाळणीत तीळ उरले, ओंजळभर. ओलेकंच. त्यांच्याकडे बघत उभी राहिले, रुचाने हातातून गाळणी काढून घेतली.

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वानंदी शाळेतून आली ती दप्तर न काढताच माझ्याकडे. "आजी, हेझल हॅज अ ट्यूब. टीचर सेड. वुई मेड अ बिग कार्ड." मग विचारते, "इज शी गोइंग टू डाय?"
मी म्हटलं, नाही गं. देव आहे.
"डज गॉड नो हर?"
ओळखतो म्हटलं.

ती खेळायला गेल्यावर देवापुढे बसले. काही मागताच येईना. मी मागायचं तरी कशाच्या जोरावर? जे डॉक्टरला सांगायचं ते देवाला सांगत बसलेय.

संध्याकाळी चपला घालून समोर गेले. घंटी वाजवली. आत कुत्रासुद्धा नाही. दारावर अजून कागदी वटवाघळं. परत आले तर परीक्षित दारात.
"कुठे गेली होतीस?"
"पत्रपेटी बघायला."
उभ्या जन्मात लेकाशी खोटं बोलले नव्हते. त्यालाही कळलं. बाजूला झाला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आली. आली घरी!

दुपारी गाडी लागली. क्रिस्टनने उचलून घेतलं होतं तिला, सात वर्षांच्या पोरीला, तान्ह्यासारखं. पाय लोंबत होते.

मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि तशीच गेले. पदर, चपला कशाचं भान नाही. मनात वाक्य जुळवत होते — दॅट कँडी, इनसाइड, तीळ. तिळाला इंग्रजीत काय म्हणतात ते रुचाकडून शिकून ठेवलं होतं, सेसमी. सेसमी, सेसमी करत रस्ता ओलांडला.

क्रिस्टनने दार उघडलं आणि माझ्या गळ्यातच पडली. हमसून रडली. किती वाळली आहे! "इट वॉज द चॉकलेट," ती म्हणाली. "सम स्टुपिड चॉकलेट. आय शुड हॅव चेक्ड." स्वतःलाच बोल लावत होती. मी चेक करायला हवं होतं, मी आई आहे, मी चेक करायला हवं होतं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सेसमी. एकच शब्द. तोही बाहेर पडला नाही.

मागून हेझलचा आवाज आला, घोगरा, म्हातारीसारखा. "हाय आझी."

घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

कचऱ्याची गाडी यायच्या आधी क्रिस्टन मोठी पारदर्शक पिशवी घेऊन बाहेर आली. भरगच्च. चॉकलेटं, गोळ्या, चकचकीत कागद, वर हेझलची ती भोपळ्याची बादली. सगळं डब्यात ओतलं आणि झाकण दाबून बसवलं. मी खिडकीतून पाहत होते. गाडी आली, उचललं, गेलं.

परीक्षित कॉफी घेत मागे उभा होता. "बघ, सगळं फेकलं. तुझी बरणी पण गेली असणार. इथे असं काही झालं की पहिलं घरातलं सगळं फेकतात. आता विषय संपला."
"पण तिला तीळ चालत नाहीत हे त्यांना कळायला नको?"
"पुढच्या महिन्यात सगळ्या टेस्ट करणार आहेत, क्रिस्टन रुचाला बोलली. तिथे कळेल. आपण न सांगता कळेल."
मी मान हलवली. पटलं म्हणून नाही. पटवून घ्यायचं होतं म्हणून.

संध्याकाळी बाहेरच्या पायऱ्यांवर पणत्या लावल्या. वाऱ्याने टिकेनात. जेवढ्या टिकल्या तेवढ्या हेझलच्या नावाने.

बऱ्याच दिवसांनी दोन घास गेले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हिशेब लिहायला बसले. २४ डॉलर २ सेंटची ओळ खोडावीशी वाटली. खोडली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्रपेटीत कार्ड. क्रिस्टनने सकाळी जाता जाता टाकलंय. रुचाने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला कार्ड टाकून फोनकडे धावली. आता फोन लावतेय, तिकडे उचलत नाहीत, गाडी चालवत असेल. परीक्षित दुसऱ्या फोनवरून लावतोय. त्याचे ओठ पांढरे पडलेत. मीच बोलणार म्हटलं तर त्यानेच फोन माझ्या हातात दिला, म्हणाला, "आई, काय सांगायचं ते आधी लिहून काढ, चुकायला नको. रुचा इंग्रजीत सांगेल ते म्हण. निरोप ठेवू आणि तसाच मेसेजही पाठवू." दुसरा कागद शोधायला वेळ नाही. इथेच लिहिते.

क्रिस्टन, मी समोरच्या घरातली रत्ना, परीक्षितची आई. तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलंस की घरातला सगळा खाऊ फेकलास, फक्त माझी बरणी ठेवलीस, कारण त्यात नुसती साखर आहे. हेझलला आठवडाभर काही गोड दिलं नाहीस, आणि आज ओहायोला तुझ्या आईकडे पोचलात की ती बरणी उघडायची कबूल केलंयस. उघडू नकोस. मी चुकीचं सांगितलं. प्रत्येक दाण्याच्या आत तीळ आहे, सेसमी. ती त्यानेच आजारी पडली असावी. मला शनिवारी कळलं. मंगळवारी तुझ्या दारात आले तेव्हा माहीत होतं, तरी बोलले नाही. डॉक्टरांना सेसमी सांग. माझं नाव सांग. बरणी पोरीच्या हातून काढून घे, गाडी थांबव पण काढून घे, आणि हे मिळताक्षणी उलट कळव — हेझलने खाल्लं का, ती कशी आहे, एवढंच कळव.